सगळ्यांना खलनायिकाच का आवडली? '३००' चा दुसरा भाग आणि खरी आर्टेमिसिया

आजच्या भागात एक सिनेमा आहे, त्याला बसलेला समीक्षकांचा मार आहे, आणि त्या माराच्या मागे अडीच हजार वर्षांपूर्वीची एक खरी लढाई आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

सिनेमाचं नाव 'थ्री हंड्रेड: राइज ऑफ अॅन एम्पायर'. मार्च २०१४ मध्ये आला. पहिला '३००' आला होता २००७ मध्ये. झॅक स्नायडरचा तो सिनेमा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल, निदान त्याचे मीम तरी नक्कीच. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर राहिलेल्या माणसाला तो विहिरीत लाथ मारण्याचा सीन माहीत नसेल, तर त्याने हॉस्टेलचे पैसे फुकट घालवले असं मी म्हणेन!

दुसऱ्या भागात स्नायडर निर्माता आणि सहलेखक होता, दिग्दर्शक मात्र नोम मुरो. रंग तेच, स्लो मोशन तेच, उडणारं रक्तही तेच. फक्त जमिनीऐवजी समुद्र आणि स्पार्टाऐवजी अथेन्स. पहिल्या भागाने जगभरात साधारण ४५ कोटी डॉलर कमावले होते, दुसऱ्याने साधारण ३३ कोटी. म्हणजे धंदा आपटला असं नाही. पण समीक्षकांनी हात आखडता घेतला. रॉटन टोमॅटोज या साइटवर निम्म्याहून कमी समीक्षकांनी त्याला बरा म्हटलं.

तक्रारी काय होत्या? एक, पहिल्या भागात जे नवीन वाटलं होतं ते आता कॉपी-पेस्ट वाटतंय. दोन, नायक फिका आहे. सलिव्हन स्टेपलटनचा थेमिस्टोक्लीज भाषणं देतो, पण जेरार्ड बटलरच्या लिओनायडससारखा लक्षात राहत नाही. तीन, लढाया एकामागून एक येतात, पण कोण जिंकतंय याची आपल्याला फिकीर वाटत नाही.

आणि एका गोष्टीवर मात्र कौतुकाचा पाऊस पडला. इव्हा ग्रीन. तिने केलेली आर्टेमिसिया, म्हणजे पर्शियन आरमाराची सेनानी. ज्यांनी सिनेमाला झोडपलं त्यांनीसुद्धा लिहिलं की ही बाई पडद्यावर आली की सिनेमात जीव येतो.

आता इथे थांबून विचार करा. सिनेमाचा पूर्ण आटापिटा ग्रीकांच्या स्वातंत्र्यासाठी चाललाय, आणि बघणाऱ्याला आवडतेय शत्रूची सेनापती. हे का झालं? 'इव्हा ग्रीन चांगली अभिनेत्री आहे म्हणून' हे उत्तर खरंय, पण अर्धंच. उरलेलं अर्धं उत्तर इतिहासात आहे.

खरी आर्टेमिसिया

आर्टेमिसिया काल्पनिक नाही. इ.स.पू. ४८० च्या सलामिसच्या लढाईत ती खरोखर होती. तिची माहिती आपल्याला मुख्यतः हेरोडोटसकडून मिळते. गंमत म्हणजे हेरोडोटस तिच्याच शहरातला, हॅलिकार्नाससचा. आज त्या जागी तुर्कस्तानातलं बोद्रुम आहे. तिथे ग्रीक लोक राहायचे, पण सत्ता पर्शियन साम्राज्याची होती.

सिनेमात तिची कहाणी बदल्याची आहे. ग्रीक सैनिकांनी लहानपणी तिच्या घरच्यांना मारलं, तिच्यावर अत्याचार केले, मग पर्शियनांनी तिला वाढवलं. ती झर्क्सीजला कळसूत्री बाहुलीसारखा नाचवते. हेरोडोटसमध्ये यातलं काहीच नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे नवरा गेल्यावर ती राज्य चालवत होती, मुलगा तरुण होता, आणि कोणी जबरदस्ती केलेली नसताना ती स्वतःच्या हिमतीवर युद्धाला आली. तिच्याकडे जहाजं होती पाच. फक्त पाच! संपूर्ण आरमाराची ती प्रमुख वगैरे नव्हती.

पण त्या पाच जहाजांची मालकीण काय करते ते बघा. सलामिसच्या आधी झर्क्सीज सगळ्यांना विचारतो, समुद्रात लढायचं का? सगळे म्हणतात, लढू या महाराज. आर्टेमिसिया एकटी म्हणते, नको. तिचा मुद्दा सरळ होता: अथेन्स तर तुम्ही घेतलंच आहे, आता घाई कशाला? थांबा, ग्रीकांकडे दाणापाणी फार दिवस पुरणार नाही, ते आपोआप पांगतील. समुद्रावर ते आपल्यापेक्षा भारी आहेत, तिथे हात घालू नका.

आपल्यापैकी जे ऑफिसात काम करतात त्यांना ही मीटिंग ओळखीची वाटेल. सगळा रूम 'हो' म्हणतोय आणि एकच जण सांगतोय की हे रिलीज शुक्रवारी नको. झर्क्सीजला तिचं बोलणं आवडलं असं हेरोडोटस सांगतो. पण ऐकलं त्याने बहुमताचंच, आणि लढाई हरला.

त्या लढाईत एक अथेनियन जहाज तिच्या मागे लागलं. समोर स्वतःच्याच बाजूची जहाजं, पळायला जागा नाही. तिने काय केलं? आपल्याच बाजूच्या कॅलिंडाच्या राजाच्या जहाजाला धडक देऊन ते बुडवलं. मागच्या अथेनियन कप्तानाला वाटलं, ही आपल्यातलीच दिसते, आणि त्याने पाठलाग सोडला. किनाऱ्यावरून बघणाऱ्या झर्क्सीजला वाटलं, तिने शत्रूचं जहाज बुडवलं. बुडालेल्या जहाजावरचा एकही माणूस वाचला नाही, त्यामुळे तक्रार करायलाही कोणी उरलं नाही.

ही बाई शूर आहे का? आहे. चलाख? प्रचंड. चांगली? आता सांगा बरं! हेरोडोटसलाही ते नीट सांगता येत नाही, पण तिच्याबद्दलचं कौतुक त्याच्याकडून लपत नाही. शत्रूच्या बाजूने लढलेली असली तरी.

सिनेमाच्या शेवटी थेमिस्टोक्लीज तिला तलवारीने मारतो. खरी आर्टेमिसिया सलामिसमधून जिवंत परतली. अथेन्सने तिला जिवंत पकडणाऱ्याला १०,००० द्राख्म्यांचं बक्षीस लावलं होतं, कारण एका बाईने आपल्यावर चाल करावी याचाच त्यांना राग होता. ते बक्षीस कोणाला मिळालं नाही. लढाईनंतर झर्क्सीजने तिचा सल्ला पुन्हा घेतला, या वेळी ऐकलाही, आणि आपल्या काही मुलांना सुखरूप एफेससला पोचवायची जबाबदारी तिच्यावर टाकली.

'आपण' आणि 'ते' ही रेघ

समीक्षकांना जाणवलेला पोकळपणा इथून येतो, असं मला वाटतं. सिनेमाने एक सरळ रेघ मारली: इकडे ग्रीक म्हणजे स्वातंत्र्य, तिकडे पर्शियन म्हणजे गुलामगिरी. आणि जे काही त्या रेघेवर बसत नव्हतं ते कापून टाकलं.

खरं तर ती रेघ अशी नव्हतीच. पर्शियन आरमारात पर्शियन कमी आणि इतर जास्त होते: फिनिशियन, इजिप्शियन, सायप्रसचे लोक, आणि भरपूर ग्रीक. म्हणजे सलामिसला दोन्ही बाजूंनी ग्रीक लढत होते. त्याआधी थेमिस्टोक्लीजने किनाऱ्यावरच्या दगडांवर संदेश कोरून घेतले होते, शत्रूच्या आरमारातल्या ग्रीकांसाठी: आमच्या बाजूला या, नाही जमलं तर निदान मन लावून लढू नका.

झर्क्सीजच्या भूदलात भारतीयही होते बरं का. सिंधू नदीचा प्रदेश तेव्हा पर्शियाच्या ताब्यात होता. झाडापासून केलेले कपडे घातलेले, हातात वेताची धनुष्यं आणि लोखंडी टोकाचे बाण, असं हेरोडोटस त्यांचं वर्णन करतो. झाडापासूनचे कपडे म्हणजे आपला कापूस! सिनेमातल्या त्या चेहरा नसलेल्या गर्दीत आपलेही लोक उभे होते.

आणि थेमिस्टोक्लीज? सिनेमात तो मॅरेथॉनच्या लढाईत बाण मारून दारियस राजाला ठार करतो. प्रत्यक्षात दारियस मॅरेथॉनला आलाच नव्हता. ती लढाई इ.स.पू. ४९० ची, आणि दारियस वारला इ.स.पू. ४८६ मध्ये. थेमिस्टोक्लीजचं खरं मोठं काम वेगळं होतं. लॉरियनच्या खाणीत चांदी सापडली तेव्हा ती लोकांत वाटून टाकायचा विचार होता. त्याने लोकांना पटवलं की वाटू नका, त्यातून जहाजं बांधा. ती जहाजं चालवायला एकेका जहाजावर १७० वल्हेकरी लागायचे, आणि त्यात अथेन्सचे गरीब नागरिक मोठ्या संख्येने होते. ज्या माणसाकडे चिलखत घ्यायला पैसे नाहीत, त्याच्या हातातल्या वल्ह्याने शहर वाचलं. अथेन्सच्या लोकशाहीत त्या माणसाचं वजन यानंतर वाढलं. ही गोष्ट पडद्यावर किती भारी दिसली असती!

सिनेमात शेवटी स्पार्टाचं आरमार धावून येतं आणि लढाई फिरते. खऱ्या सलामिसला स्पार्टाची जहाजं सुरुवातीपासून तिथेच होती, १६ जहाजं. अथेन्सची १८०. सर्वोच्च सेनापती मात्र स्पार्टाचाच होता, युरिबायडीज.

पुढे तर अजून कमाल झाली. अथेन्सने थेमिस्टोक्लीजला हद्दपार केलं. फिरत फिरत तो कुठे पोचला असेल? पर्शियाच्या दरबारात. झर्क्सीजच्या मुलाने त्याला आश्रय दिला, मॅग्नेशिया शहराचा कारभार दिला. पर्शियाला हरवणारा माणूस पर्शियाची भाकरी खाऊन मेला. असा नायक हातात असताना फिका नायक बनवायला खरंच मेहनत लागते.

ज्यांचे पूर्वज 'ते' होते

पहिला '३००' आला तेव्हा इराणमध्ये मोठा संताप झाला होता. सरकारने निषेध केलाच, पण सरकारच्या विरोधात असलेल्या इराण्यांनाही तो सिनेमा लागला. त्यांच्या राजांना आणि सैनिकांना राक्षस दाखवलं होतं. दुसऱ्या भागात झर्क्सीज पुन्हा तोच, सोन्याने मढवलेला, माणसापेक्षा उंच.

हे फक्त इराणपुरतं आहे असं समजू नका. मुंबईत फोर्टमध्ये माणेकजी सेठ अग्यारी आहे. तिच्या दाराशी माणसाचं डोकं आणि पंख असलेले बैल दिसतात. तसेच बैल इराणमधल्या पर्सेपोलिसच्या 'सर्व राष्ट्रांच्या दारा'वर आहेत. ते दार बांधून घेतलं कोणी? झर्क्सीजने. सिनेमातला राक्षस आपल्या शेजारच्या पारशी काकांच्या आठवणीत एका मोठ्या साम्राज्याचा राजा आहे.

आठ वर्षांनंतरचं नाटक

तुम्ही म्हणाल, अरे, मसाला सिनेमा आहे, एवढं काय? शत्रू काळा दाखवल्याशिवाय युद्धाची गोष्ट रंगत नाही.

तर शेवटचा मुद्दा ऐका. सलामिसची लढाई झाली इ.स.पू. ४८० मध्ये. इ.स.पू. ४७२ मध्ये, फक्त आठ वर्षांनी, अथेन्समध्ये त्या लढाईवर नाटक झालं. नाव 'द पर्शियन्स', नाटककार एस्किलस. तो स्वतः पर्शियनांविरुद्ध लढलेला माणूस. नाटक घडतं शत्रूच्या राजधानीत, सूसामध्ये. झर्क्सीजची आई मुलाची वाट बघतेय. दूत येतो आणि पराभवाची बातमी सांगतो. मेलेल्या पर्शियन सरदारांची नावं एकामागून एक घेतली जातात. ग्रीक सेनापतीचं नाव मात्र एकदाही येत नाही. शेवटी फाटक्या कपड्यांत झर्क्सीज परततो आणि सगळे मिळून रडतात.

आता ही सहानुभूती होती की हरलेल्या शत्रूचं रडणं बघण्याचा आनंद, यावर अभ्यासक आजही भांडतात. एडवर्ड सईदने तर पूर्वेकडच्या लोकांना 'परकं' ठरवण्याची पाश्चात्त्य सवय शोधताना या नाटकाकडे बोट दाखवलं. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं. पण त्या प्रेक्षकांचा विचार करा. नाटक अॅक्रोपोलिसच्या टेकडीच्या उतारावर झालं. वर पर्शियनांनी जाळलेली देवळं अजून पडक्या अवस्थेत होती. बघणाऱ्यांपैकी कित्येकांनी स्वतः वल्ही मारली होती, कोणाचा भाऊ गेला होता, कोणाचं घर जळलं होतं. आणि ते लोक बसून शत्रूच्या आईचं दुःख ऐकत होते. त्या नाटकाला पहिलं बक्षीसही मिळालं.

ज्यांचं सगळं जळलं होतं त्यांना शत्रू माणूस म्हणून बघणं झेपलं. काहीच न गमावलेल्या आपल्याला, हातात मोबाइल घेऊन, ते का झेपू नये?

म्हणून इव्हा ग्रीनचं कौतुक मला महत्त्वाचं वाटतं. तिच्या पात्राला निदान भूतकाळ आहे, राग आहे, निर्णय आहेत. रेघेच्या पलीकडे सिनेमाने एकच पूर्ण माणूस ठेवला, आणि प्रेक्षक बरोबर तिच्याकडे गेला. आपल्याकडेही ऐतिहासिक सिनेमे जोरात चालतात, आणि त्यांचे तीस सेकंदांचे तुकडे इतिहास म्हणून ग्रुपवर फिरतात. पुढच्या वेळी असा सिनेमा बघताना एवढंच तपासा: समोरच्या बाजूला एक तरी माणूस दिसतोय का? दिसत नसेल, तर इतिहासातलं बरंच काही एडिटिंग टेबलवर राहिलंय, असं समजा आणि ते शोधायला लागा.

शोधताना काही भन्नाट सापडलं तर मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!