स्प्लेंडरचा पाय, रेसचा गिअर

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या घरापुढे तीन पिढ्यांच्या तीन गाड्या उभ्या असल्या, तर तिन्हींचा गिअर वेगवेगळा पडतो. आजोबांच्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात, पहिला वर उचलायचा आणि पुढचे तीन खाली दाबायचे. वडिलांच्या स्प्लेंडरचा डाव्या पायात, चारही पुढे दाबायचे आणि टाचेने मागे दाबलं की एकेक कमी. मुलाच्या पल्सरचा किंवा आर-वन-फाइव्हचाही डाव्याच पायात, पण पहिला खाली आणि बाकी सगळे वर.

आता इकडची पोरं चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर गाडी घेऊन जाऊ लागली आहेत. जाण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: गिअर कंपनीचा तसाच ठेवायचा, की रेसवाल्यांसारखा उलटा करायचा? रेसचा उलटा गिअर म्हणजे पहिला वर, बाकी सगळे खाली. मोटोजीपीत बहुतेक जण असाच गिअर वापरतात, म्हणून तो आपल्यालाही हवा असं पोरांना वाटतं. पण गिअरची ही चाल कुठून आली हे पाहिलं, तर उत्तर मोटोजीपीपेक्षा आपल्या अंगणात लवकर सापडतं.

सुरुवातीच्या मोटरसायकलींना पायाचा गिअर नव्हताच. पेट्रोलच्या टाकीशेजारी एक दांडा असे. हँडलवरचा एक हात काढून तो पुढे-मागे ओढायचा. वळणावर एक हात सोडणं म्हणजे काय, ते खंबाटकी घाट उतरलेल्या कुणालाही सांगायला नको. मग काहींनी दांडा पायाशी आणला, पण दुसरी अडचण उभी राहिली. पाय नेमका किती रेटला की दुसरा पडेल आणि किती रेटला की तो ओलांडून तिसरा, याचा अंदाज चालवणाऱ्यानेच घ्यायचा. ही अडचण सोडवली इंग्लंडच्या वेलोसेट कंपनीच्या हॅरल्ड विलिस यांनी. विलिस स्वतः रेस चालवणारे. १९२८च्या सुमारास त्यांनी अशी रचना केली, की पाय एकदा दाबला की एकच गिअर बदलतो, पायडल आपोआप मधल्या जागी परत येतं आणि पुढच्या दाबाला पुढचा गिअर. १९२९च्या वेलोसेट केटीटीवर ती विकायला आली. आज आपल्या दुचाकीत पायाला जो ‘खट्’ जाणवतो, त्याचं मूळ हे. तो रेसच्या मैदानातून रस्त्यावर आला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

इंग्रजांनी हा गिअर बहुतेक उजव्या पायाला दिला. वर की खाली, यावर मात्र त्यांचं कधी एकमत झालं नाही. ट्रायम्फचा पहिला खाली, नॉर्टनचा पहिला वर. रॉयल एनफिल्डची बुलेट नॉर्टनच्या बाजूची, पहिला वर आणि तीन खाली. सीमेवरच्या गस्तीसाठी भारतीय सैन्याने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बुलेट घेतल्या आणि १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. ज्या सातारा जिल्ह्यात एका गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी आहे, तिथे फौजेची गाडी दारात असण्याचा मान वेगळाच. अमेरिकेने १९७०च्या दशकाच्या मध्याला डावीकडे गिअर आणि उजवीकडे ब्रेक सक्तीचा केला. खुद्द ट्रायम्फ आणि नॉर्टन यांना पाय बदलावे लागले. मद्रासची बुलेट मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं उजव्या पायावरच धावत राहिली. गिअरशेजारी तिला एक जादा छोटं पायडल होतं. ते दाबलं की दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, कुठल्याही गिअरमधून गाडी थेट न्यूट्रलला. असलं सोयीचं पायडल पुन्हा कुणी दिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

साताऱ्याचा स्वतःचा गिअर मात्र पायात नव्हता, तो हातात होता. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत प्रिया स्कूटर बनू लागली. तिचा गिअर डाव्या मुठीत. क्लच धरायचा आणि मूठच फिरवायची. न्यूट्रलच्या एका बाजूला पहिला, दुसऱ्या बाजूला बाकीचे. ही युक्ती १९४६च्या इटालियन व्हेस्पाची, आणि ती गाडी रचणारे कोरादिनो दास्कानियो मूळचे विमानांचे इंजिनिअर. गाडीवर बसताना कपडे खराब होऊ नयेत आणि पाय मोकळे राहावेत, असा त्यांचा आग्रह होता. धोतर नेसलेल्या शिक्षकाला आणि नऊवारी नेसून मागे बसणाऱ्या बाईंना ती गाडी सोयीची का वाटली, हे त्यावरून कळतं.

म्हैसूरहून १९६०च्या दशकात आलेली जावा, पुढची येझदी, हिचं तंत्र आणखी निराळं. किक आणि गिअर एकच दांडी, तीही डावीकडे. किक मारून झाली की तीच दांडी खाली घेऊन तिचाच गिअर करायचा. पहिला खाली, तीन वर. शिवाय पायाने दांडी दाबली की आतला क्लच आपोआप सुटायचा, त्यामुळे येझदीवर वाढलेल्या माणसाचा डावा हात जरा आळशीच असे.

पण आपल्या भागाचा पाय खऱ्या अर्थाने घडवला तो होंडाने. १९५८ साली जपानमध्ये होंडाची सुपर कब आली. होटेलातल्या पोऱ्याला एका हातात सोबा शेवयांचं ताट धरून दुसऱ्या हाताने गाडी चालवता आली पाहिजे, ही सोइचिरो होंडा यांची अट. म्हणून क्लचचा दांडा काढून टाकला, डावा हात मोकळा केला आणि गिअर पायाच्या एकाच हालचालीवर आणला: पुढे दाबत जायचं, एक, दोन, तीन. तीच दिशा १९८५च्या हिरो होंडा सीडी हंड्रेडबरोबर आपल्याकडे आली आणि १९९४च्या स्प्लेंडरने ती घराघरांत रुजवली. इथे क्लच हाताला परत मिळाला, पण चारही गिअर पुढेच राहिले.

आपल्याकडे तर या पुढे दाबायच्या चालीची गरज जपानपेक्षाही जास्त होती. १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी भिलवडीत दुधाचा व्यवसाय सुरू केला. तेव्हापासून त्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात दुधाची ने-आण कधी थांबली नाही. सायकलीची जागा पुढे मोटरसायकलीने घेतली. दोन्ही बाजूंना दुधाची कॅनं, पहाटेचा ओला रस्ता आणि पायात चप्पल. चपलेच्या पायाने पायडल खालून वर उचलून पाहा. अंगठ्याच्या मुळाशी लोखंड घासतं, पट्टा निसटतो आणि चौथ्या वेळेला माणूस वैतागतो. पुढे चवड्याने दाबा, मागे टाचेने दाबा, यात उचलणं कुठेच नाही. बूट घालणाऱ्या देशांतला गिअर बहुतेक एकाच टोकाचा असतो, आपल्याकडे दोन टोकांचा रुजला. यामागे चप्पल आहे, असं माझं ठाम मत आहे.

गिअर वर की खाली, हे इंजिनला ठाऊकच नसतं. एकदा गॅरेजमध्ये उघडलेलं इंजिन नीट बघा. मुठीएवढा पोलादी ड्रम, त्यावर नागमोडी खाचा. खाचांत बसलेले फोर्क ड्रम फिरला की डावी-उजवीकडे सरकतात आणि दातेरी चाकांच्या जोड्या बदलतात. ड्रमच्या एका टोकाला चांदणीसारखी चकती असते, तिच्या खाचेत स्प्रिंगवरचा रोलर बसतो, तोच आपल्या पायाला जाणवणारा खटका. पल्सरसारख्या इंजिनात पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधोमध एक उथळ खाच दिसते, ती न्यूट्रल. म्हणून अर्धवट पायाला गाडी न्यूट्रलला पडते आणि इंजिन नुसतंच ओरडतं. ड्रमला फिरवणारा शाफ्ट या बाजूला वळवा की त्या बाजूला, सगळं बाहेरच्या दांडीवर आहे.

रेसवाल्यांनी ती दांडी उलटी का केली? डाव्या वळणावर गाडी जमिनीलगत झोपवलेली असते. वळण सुटता सुटता ॲक्सिलेटर उघडायचा आणि वरचा गिअर टाकायचा असतो. कंपनीच्या चालीत त्यासाठी डाव्या पायाची बोटं पायडलखाली घालावी लागतात, आणि तिथे तर डांबर चार बोटांवर आलेलं असतं. वरून दाबायला पाय खाली न्यावा लागत नाही. शिवाय वेग घेताना शरीर मागे ढकललं जातं, अशा वेळी पाय उचलण्यापेक्षा दाबणं सोपं, आणि जोराचा दाब पहिल्याहून दुसऱ्याला जाताना न्यूट्रलमध्ये अडकत नाही. कमी करण्याचे गिअर उचलावे लागतात, पण ते सहसा ब्रेक मारताना, गाडी अजून सरळ असताना करायचे असतात. ट्रॅकच्या गाडीला टाचेचं पायडल नसतं, पाय चवड्यावर टेकलेला असतो. शरीर जसं, तसं यंत्र, हा रेसमधला जुना नियम आहे. १९९२ साली असेनच्या ट्रॅकवर रेसर मिक डूहान यांचा उजवा पाय मोडला आणि पुढे त्यांच्यासाठी मागचा ब्रेक डाव्या हाताच्या अंगठ्यावर आणला गेला. त्यानंतर ते १९९४ ते १९९८ अशी पाच वर्षं सलग जगज्जेते झाले.

म्हणजे ट्रॅकवरचा ‘उलटा’ गिअर आपल्याला परका नाही. पहिला वर आणि बाकी खाली, ही आजोबांच्या बुलेटची चाल, फक्त पाय बदलला. दाबलं की वरचा गिअर, ही वडिलांच्या स्प्लेंडरची दिशा. वाई-खटाव किंवा तासगाव-पलूसकडचा मुलगा वडिलांच्या स्प्लेंडरवर शिकला असेल, तर रेसचा गिअर त्याच्या पायात आधीच आहे. त्याने तो बेलाशक उलटा करावा. पहिला टाकताना आणि गिअर कमी करताना पाय उचलायचा, एवढंच नवं शिकायचं. जो थेट पल्सरवर किंवा केटीएमवर शिकला, त्याने निदान पहिलं वर्ष कंपनीची चाल बदलू नये. सरळ रेषेत पाचवरून सहावर जाताना घाईत पाय जुन्या सवयीने वर उचलला गेला, तर सहाऐवजी चौथा पडतो. इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं, मागचं चाक लॉक होऊ शकतं आणि तिथे इंजिनचे फेरे रोखणारा लिमिटरही वाचवत नाही.

पायडल आणि शाफ्ट यांच्यामध्ये रॉड असलेल्या गाडीत बदल सोपा. शाफ्टवरची दातेरी आर्म काढायची, अर्धा फेरा उलटी करून बसवायची, रॉडची लांबी जुळवायची. ती फ्रेमला किंवा सायलेन्सरला लागते का, हे स्टँडवर तपासायचं. क्लच न धरता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर असेल तर त्याच्या सेन्सरची दिशाही बदलावी लागते, नाहीतर गिअर कमी करताना इंजिन कट होईल आणि वाढवताना होणार नाही. क्विकशिफ्टर नसेल तर वरचा गिअर टाकण्याआधी पायडलवर पाय हलका दाबून ठेवायचा, ॲक्सिलेटर क्षणभर मिटायचा, गिअर आपसूक सरकतो. कमी करताना ब्रेक धरूनच ॲक्सिलेटरला छोटा झटका द्यायचा आणि क्लच सावकाश सोडायचा. गिअर कमी करतानाचा झटका सोसणारा स्लिपर क्लच चूक थोडी झाकतो, पण सवय लावून देत नाही.

हे सगळं ट्रॅकवर करायचं. यवतेश्वरच्या घाटात किंवा पसरणीत कुठलाही गिअर रेसचा नसतो, तिथे समोरून एसटी येते. आणि उलटा केलेला गिअर घरी आणलात, तर गाडी घराबाहेर काढणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगा, किंवा आर्म पुन्हा सरळ करूनच किल्ली खुंटीला लावा.