'फास्ट' म्हणजे काय? अर्थ आणि वापर

'फास्ट' हे इंग्रजीतील विशेषण असून त्याचा रोजच्या वापरातला अर्थ जलद, वेगवान असा आहे. मात्र मीरा रोड किंवा भाईंदर स्थानकावर उभ्या असलेल्या प्रवाशाला एवढा अर्थ पुरत नाही. तिथे 'फास्ट' हा शब्द गाडीचा वेग सांगत नाही. गाडी कुठे थांबणार नाही, ते सांगतो.

भाईंदरहून चर्चगेटकडे निघालेली फास्ट लोकल बोरिवलीपर्यंत बहुतेक वेळा स्लोसारखीच थांबत जाते. खरा फरक पडतो तो बोरिवलीनंतर. तिथून ती साधारणपणे थेट अंधेरी गाठते आणि कांदिवली, मालाड, गोरेगाव, राम मंदिर, जोगेश्वरी ही स्थानके मध्येच राहतात. मालाडला मुलाखतीला निघालेला नवखा माणूस 'फास्ट आहे, लवकर पोहोचू' म्हणून चढला आणि बोरिवलीला बदलायचे विसरला, तर अंधेरीहून उलटी गाडी पकडण्याची वेळ येते. त्याच्यासाठी स्लोच लवकरची. शिवाय जलद मार्गावरून बाहेरगावच्या गाड्याही धावतात. पुढे एखादी मेल असली की फास्ट रखडते आणि शेजारून स्लो निघून जाते. नाव मात्र फास्टच! म्हणून इंडिकेटरवर 'एफ' आहे की 'एस', हे चढण्याआधी पाहावे. उद्घोषणेत 'जलद' आणि 'धीमी' हे शब्द ऐकू येतात, पण बोलताना 'आठची जलद पकडली' असे सहसा कोणी म्हणत नाही. 'विरार फास्ट'मध्ये तर हे विशेषण गाडीचे नावच होऊन बसले आहे.

गंमत अशी, की या शब्दाचा मूळ अर्थ नेमका उलटा वाटावा असा आहे. जुन्या इंग्रजीत तो घट्ट, पक्का, न हलणारा या अर्थाने वापरला जाई. वेगाचा अर्थ नंतर आला. जुना अर्थ अजून टिकून आहे. 'फास्ट कलर' म्हणजे धुतल्यावर न जाणारा पक्का रंग, 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला. उपवासाला 'फास्ट' म्हणतात तेही याच मुळातून, नियम घट्ट धरून ठेवणे या अर्थाने. तो उपवास मोडणारे खाणे म्हणजे 'ब्रेकफास्ट'.

वापरताना एक चूक वारंवार होते. 'स्लो'चे 'स्लोली' होते, म्हणून 'फास्ट'चे 'फास्टली' केले जाते. आजच्या प्रमाण इंग्रजीत असा शब्द वापरत नाहीत. 'ही रन्स फास्ट' हेच बरोबर.

घड्याळाबाबत 'फास्ट' म्हणजे पुढे असलेले. घड्याळ पाच मिनिटे फास्ट असेल, तर आठ वाजता ते आठ वाजून पाच मिनिटे दाखवते. लोकलने रोज जाणारे काही जण ते मुद्दाम तसेच ठेवतात.