'थलपती'तली आई आणि माझी आई

आम्ही हैदराबादचे, काचीगुड्यातले. १९८९ साली बँकेने माझी बदली मद्रासला केली. मी, बायको आणि दोन मुलं गेलो. वडील नव्हते. आईला परक्या मुलखात करमणार नाही, असं आम्हीच ठरवलं आणि ती घरी राहिली.

भाषा कळावी म्हणून तिथे तमिळ सिनेमे बघायला लागलो. लवकरच ध्यानात आलं की तिथे प्रेमकथा कितीही रंगली तरी पहिला मान आईचा. एम.जी.आर.च्या सिनेमांची नावंच बघा. १९६१चा 'ताय सोल्लै तट्टादे', म्हणजे आईचा शब्द मोडू नकोस. १९६२चा 'तायै कात्त तनयन', म्हणजे आईला राखणारा मुलगा. दोन्हींत नायिका बी. सरोजादेवी आणि आई कन्नांबा. त्याआधी १९५४च्या 'मनोहरा'त साखळदंडांनी जखडलेला शिवाजी गणेशन याच कन्नांबाची आज्ञा झाल्यावर साखळ्या तोडतो.

१९९१च्या दिवाळीला आई आमच्याकडे आली, तेव्हा मणिरत्नमचा 'थलपती' नुकताच लागला होता. थलपती म्हणजे आपला दळपती. नायक रजनीकांत, बेंगळुरूच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड. त्याची स्वतःची आई तो लहान असतानाच गेली. पडद्यावरची आई श्रीविद्या, वयाने त्याच्याहून लहान! १९७५ साली त्याच्या पहिल्याच सिनेमात, 'अपूर्व रागंगळ'मध्ये, तो तिचा नवरा झाला होता. सोळा वर्षांत नायक नायकच राहिला, बायकोची मात्र आई झाली.

आईला तमिळचं अक्षर कळत नव्हतं, पण 'मृत्युंजय' तिने दोनदा वाचलेली. मालगाडीत सोडलेलं बाळ बघताच माझ्या कानात म्हणाली, "अरे, हा तर कर्ण!" मग मला काही सांगावंच लागलं नाही. शोभनाचं आणि त्याचं प्रेम जमतं, पण तिचे वडील तिचं लग्न कलेक्टरशी लावतात आणि तो कलेक्टर निघतो त्याचाच धाकटा भाऊ. शेवटी कलेक्टर बदली होऊन बायकोसह दुसऱ्या राज्यात जातो. आई थोरल्यापाशी राहते.

परतताना रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं झालं. बाईला जिथं राहायचं होतं तिथं राहिली."

बायकोने माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत आम्ही आईला काय हवं ते विचारलंच नव्हतं. त्या रात्री विचारलं. ती म्हणाली, "विचारायला एवढा उशीर?"

तुळशीचं लग्न झाल्यावर ती हैदराबादला गेली, ती सामान बांधून आणायलाच. पुढे प्रत्येक बदलीला आमच्या सामानात आईची ट्रंक पहिली चढायची.

बदलीच्या नोकऱ्या तुमच्याही घरांत झाल्या असतील. तुमच्याकडे आईला विचारलं होतं का?