जुन्या फोनोग्राफच्या मेळाव्याला जाताय? मग एवढं माहीत असू द्या

पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन रीलमध्ये बघून ‘आपल्याही हॉलमध्ये असा एक हवा’ असं वाटतं ना? पैसे मोजण्याआधी संग्राहकांच्या मेळाव्याला एकदा जाऊन या. अमेरिकेत ‘अँटिक फोनोग्राफ सोसायटी’सारख्या संस्था असे मेळावे भरवतात. तिथे जुनी यंत्रं बघता येतात, ऐकता येतात आणि विकतही मिळतात. आपल्याकडे ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० साली मुंबईत सुरू झाली.

फोनोग्राफ आणि ग्रामोफोन एकच का?

नाही. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ बनवला. त्यात आवाज नळकांड्यावर कोरला जायचा. चपटी तबकडी आणली ती एमिल बर्लिनरच्या ग्रामोफोनने. अमेरिकेत मात्र दोन्हींना सर्रास फोनोग्राफच म्हणतात.

हात कसा लावायचा?

आधी मालकाला विचारा. मेणाचं नळकांडं बाहेरून धरायचं नसतं, कारण बोटांमुळे खाचा खराब होतात. दोन बोटं आत घालून फाकवायची आणि अलगद उचलायचं.

सुई सारखी का बदलतात?

७८ आरपीएमच्या तबकडीत लाखेसोबत दगडाची बारीक भुकटी असते. तिच्यावर स्टीलची सुई झिजते आणि झिजलेली सुई पुढची तबकडी खरवडते. म्हणून दर बाजूला नवी सुई. आजोबांची एलपी मात्र अशा यंत्रावर चुकूनही लावू नका. जड साउंड बॉक्सखाली विनाइलच्या खाचा कायमच्या खराब होतात.

खोटा माल कसा ओळखायचा?

चकचकीत पितळी कर्णा, नवीकोरी लाकडी पेटी, वर कुत्र्याच्या चित्राची पट्टी आणि आत सूटकेस ग्रामोफोनमधून काढलेली छोटी मोटर. भारतात जुळवलेली अशी यंत्रं परदेशातही ‘अँटिक’ म्हणून खपवली जातात. संग्राहक त्यांना चेष्टेने ‘क्रॅपोफोन’ म्हणतात.

म्हणून पेटी उघडून मोटर दाखवायला सांगा. पूर्ण चावी देऊन एक बाजू शेवटपर्यंत ऐका. मध्येच गाणं संथ झालं, तर मोटरची दुरुस्ती तुमच्या माथी येणार हे समजून घ्या. खात्री वाटत नसेल, तर शेजारच्या टेबलावरच्या संग्राहकाला विचारा. पहिल्या मेळाव्यातून रिकाम्या हाताने परतलात तरी चालेल, पण फसून परतू नका.