रात्रीच्या चित्रीकरणातील ‘नॉइज’ : कारणे आणि संपादनातील उपाय

सत्तरीतील रणमाले असो, पेडण्यातील दशावतारी काला असो वा देवळातला दिवजोत्सव, गोव्यातील कितीतरी लोकोत्सव रात्रीच रंगतात. आता ते बहुधा मोबाइलवर किंवा साध्या कॅमेऱ्यावर टिपले जातात. घरी मोठ्या पडद्यावर पाहू लागताच काळोख्या भागात बारीक रंगीत दाणे वळवळताना दिसतात. या दाण्यांना संपादनाच्या परिभाषेत ‘नॉइज’ म्हणतात. ते कमी करता येतात, पण काही ना काही गमावूनच.

प्रकाश कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कणाकणाने पडतो. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० प्रकाशकण पडत असतील, तर त्यात सुमारे १० कणांचा चढउतार स्वाभाविकच असतो, म्हणजे दहा टक्के. तेथेच १०,००० कण पडले, तर चढउतार १०० कणांचा, अवघा एक टक्का. उजेडातले चित्र स्वच्छ आणि अंधारातले दाणेदार दिसते ते यामुळे. आयएसओ वाढविल्याने प्रकाश वाढत नाही; क्षीण चित्राबरोबर त्यातला चढउतारही मोठा होतो, इतकेच.

दाणे काढण्याचा सर्वांत प्रभावी मार्ग म्हणजे लागोपाठच्या फ्रेमची सरासरी काढणे. दाणे दर फ्रेमला जागा बदलतात, देवळाचा खांब मात्र जागचा हलत नाही. ४ फ्रेमच्या सरासरीने नॉइज निम्म्यावर येतो, ९ फ्रेमच्या सरासरीने एक तृतीयांशावर. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर या पद्धतीला तोड नाही. अडचण हलत्या वस्तूंची आहे. सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने ९ फ्रेम म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक काळ. तेवढ्यात संकासुराने मान फिरवलेली असते. दिवजोत्सवात तर मिट्ट काळोखात ज्योती चालत असतात, आणि त्यांच्यामागे धुरकट शेपट्या उमटतात. चांगली सॉफ्टवेअरे हालचालीचा अंदाज घेऊन हा दोष आवरतात, पण पुरता नाही.

दुसऱ्या मार्गात एकाच फ्रेममधील शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढली जाते. त्याने शेपट्या उमटत नाहीत, पण बारकावे पुसले जातात. जरीचा काठ सपाट होतो, रंगवलेला चेहरा मेणाचा वाटू लागतो. २००५ साली मांडल्या गेलेल्या ‘नॉन-लोकल मीन्स’ या पद्धतीत केवळ शेजारचे नव्हे, तर दूरचेही सारखे दिसणारे तुकडे शोधून सरासरी काढतात. त्यामुळे बारकावे अधिक टिकतात, मात्र संगणकाला बराच वेळ लागतो.

व्यवहारात एक गोष्ट फार उपयोगी पडते. रंगातील बारकावे मानवी डोळ्याला उजेड-सावलीतील बारकाव्यांइतके कळत नाहीत. तेव्हा रंगाचा नॉइज सढळ हाताने काढावा आणि उजळपणाचा अगदी जपून.

दा विंची रिझॉल्व्हमध्ये ही सोय आहे, पण ‘स्टुडिओ’ या सशुल्क आवृत्तीत. नीट व्हिडिओ हे प्लगइन चित्रातील एखाद्या सपाट भागावरून त्या कॅमेऱ्याच्या दाण्यांचा नमुना घेते. चित्रीकरणाच्या वेळीच त्याच सेटिंगवर साध्या भिंतीचे काही सेकंद टिपून ठेवावेत, काम सोपे होते. एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे व त्यात दोन्ही प्रकारचे फिल्टर मिळतात. आज्ञा टंकाव्या लागतात, म्हणून त्याला उगाच भिणारे बरेच.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी नॉइज काढावा, मग चित्र उजळावे, धार द्यायची असल्यास सर्वांत शेवटी. उलट केले तर दाण्यांनाच धार येते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलवर फारसे काही साधत नाही, कारण दाबून लहान करताना दाण्यांचे चौकोनी डाग झालेले असतात आणि फिल्टर त्यांनाच तपशील समजतो. परिणाम तपासायचा तो चित्र चालवूनच. थांबवलेल्या फ्रेमवर शेपट्या नीट कळत नाहीत.

चित्रपटाच्या जुन्या रिळांतील दाणे ही वेगळी बाब आहे. ते फिल्मवरील चांदीच्या संयुगांच्या स्फटिकांतून येतात. तेथे चित्र दाण्यांचेच बनलेले असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी साधने पुसट चेहऱ्यावर डोळे-ओठ रेखून देतात. जाहिरातीत ते चालेल. पण हयात नसलेल्या कलावंताचे एकमेव चित्रण हाती असेल, तर तो चेहरा त्याचा राहत नाही. अशा चित्रणाची मूळ फाइल, दाण्यांसकट, दोन निरनिराळ्या ठिकाणी जपून ठेवावी आणि सारे प्रयोग तिच्या प्रतीवर करावेत.