कस्तुरी मेली, सुजाताने रक्त दिलं. तरी पडद्यावरची जात का मेली नाही?



आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी मुलामुलींचा अभ्यासवर्ग भरतो. मागच्या महिन्यात तिथे आम्ही 'सुजाता' दाखवला. सिनेमा संपला तेव्हा दोघीतिघींचे डोळे भरून आले होते. मी चर्चेला सुरुवात करणार, तेवढ्यात अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, "दादा, तिचं रक्त जुळलं नसतं तर?"

तिच्या या एका प्रश्नात हिंदी सिनेमाचा जातीशी असलेला ऐंशी वर्षांचा व्यवहार उघडा पडतो. टुकार सिनेमांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्याकडून आपण कधी काही मागितलंच नव्हतं. निराशा करतात ते जातीच्या दारापर्यंत येऊन कडी न वाजवता परत फिरणारे सिनेमे.

पहिला दाखला 'अछूत कन्या'. साल १९३६, बॉम्बे टॉकीज, दिग्दर्शक जर्मनीचे फ्रान्झ ऑस्टेन. कस्तुरी म्हणजे देविका राणी, रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य नोकराची मुलगी. प्रताप म्हणजे अशोक कुमार, ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा. दोघांचं प्रेम आहे, पण लग्नं आपापल्या जातीत लावली जातात. शेवटी फाटकावर कस्तुरीचा नवरा आणि प्रताप यांची मारामारी होते, समोरून गाडी येते आणि ती थांबवायला धावलेली कस्तुरी तिच्याखाली मरते. अस्पृश्य मुलगी नायिका झाली हे त्या काळी मोठंच पाऊल होतं, ते मान्य करू. पण ती पूज्य कधी ठरते? मेल्यावर! तिचं देऊळवजा स्मारक होतं, प्रेक्षक हळहळतो आणि आपल्या जातीसकट घरी जातो.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "त्या काळी एवढंच शक्य होतं." हे खरं आहे का? इतिहास काढून बघू.

महाडला चवदार तळ्याचं पाणी आपल्या माणसांनी २० मार्च १९२७ ला ओंजळीत घेतलं होतं. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून पाच वर्षं लढला गेला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. आणि 'अछूत कन्या' आला त्याच १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांचं भाषण सोसवेना म्हणून परिषदच रद्द केली. मग बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. तेच 'जातिनिर्मूलन'. त्यात त्यांनी जातीवरचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला आणि त्याच्या आड येणाऱ्या शास्त्रांच्या पावित्र्यावर घाव घातला.

म्हणजे सिनेमा नेमक्या त्याच प्रश्नापाशी उभा होता. ब्राह्मण मुलगा आणि अस्पृश्य मुलगी लग्न करू शकतात की नाही? बाबासाहेबांनी उत्तर छापलं. सिनेमाने त्या मुलीला गाडीखाली घातलं. तेव्हा 'काळ तसा होता' म्हणणाऱ्यांना विचारा, कोणाचा काळ? आपला काळ फार पुढे गेला होता. मागे राहिला होता तो कॅमेरा. त्याने हरिजनोद्धाराची भाषा उचलली. त्या भाषेत अस्पृश्याने सोसायचं, सवर्णाचं हृदयपरिवर्तन व्हायचं आणि हक्काचं नाव कोणी काढायचं नाही.

आता 'सुजाता'कडे या. बिमल रॉय, १९५९. पटकीत आईबाप गेलेली अस्पृश्य मुलगी एका ब्राह्मण इंजिनिअरच्या घरात वाढते. घरात असते, पण मुलगी म्हणून नाही, 'मुलीसारखी' म्हणून. तो 'सारखी' हा शब्द नूतनने नुसत्या डोळ्यांनी दाखवलाय. मी हा सिनेमा चारदा पाहिलाय आणि दरवेळी तिथे गलबलून येतं. शिवाय इथे आंतरजातीय लग्न खरोखर होतं. 'अछूत कन्या'पासून एवढा पल्ला गाठला याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण लग्नाआधी काय होतं? पाळणारी आई जिन्यावरून पडते, तिला रक्त लागतं, ते फक्त सुजाताचं जुळतं. रक्त चढल्यावर आईचं मन बदलतं. म्हणजे माणूस म्हणून मान्यता मिळायला अस्पृश्य मुलीने अंगातलं रक्त काढून द्यायचं. प्रताप कधी परीक्षेला बसला? अधीर बसला? परीक्षा फक्त कस्तुरीची आणि सुजाताची.

याच सिनेमात रवींद्रनाथांच्या 'चंडालिका'चा प्रयोग दाखवलाय. ती कथा मुळात आपल्या बौद्ध परंपरेतली, शार्दूलकर्णावदानातली. भिक्खू आनंद चांडाळ मुलगी प्रकृतीकडे पाणी मागतो. ती जात सांगते, तो म्हणतो, मी पाणी मागितलंय. पुढे ती भिक्खुणी होते. त्याच अवदानात मातंग राजा त्रिशंकू एका ब्राह्मणाशी वाद घालून माणसांची जात एकच असल्याचं पटवून देतो. तिथे रक्त तपासत नाहीत, युक्तिवाद करतात. हा ठेवा सिनेमाच्या हातात होता. नागपूरला दीक्षाभूमीवर लाखोंनी धम्म स्वीकारून तीनच वर्षं झाली होती. तरी सिनेमाने कथेतली करुणा घेतली, तर्क मागे ठेवला.

तिसरा दाखला आपल्या डोळ्यांदेखतचा. नगर जिल्ह्यात खर्डा इथे एप्रिल २०१४ मध्ये सवर्ण मुलीशी बोलतो म्हणून एका शाळकरी दलित मुलाला ठार मारलं. दोन वर्षांनी नागराज मंजुळेंचा 'सैराट' आला. त्यात जात भाषणात नव्हती. ती पाटलाच्या वाड्यात होती, दलित साहित्य शिकवणाऱ्या सरांच्या थोबाडीत बसलेल्या चपराकीत होती. खर्ड्याच्या खटल्यातले आरोपी नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले. त्यानंतर आठ महिन्यांनी 'सैराट'चा हिंदी अवतार 'धडक' आला. कथा उदयपूरला गेली आणि जात जवळपास एका 'ऊंची जात'च्या उल्लेखावर भागवली. उरली श्रीमंत मुलगी, साधा मुलगा आणि रागीट बाप. मुडदे पडतात, पण ते का पडले हे सांगायची जबाबदारी सिनेमा घेत नाही. पैसा होता, तयार पटकथा होती, देशभरचा प्रेक्षक होता. नव्हती ती सांगायची तयारी.

असं का होतं? कारण कॅमेऱ्यामागचा माणूस जातीकडे आपल्या मनाचा प्रश्न म्हणून बघतो, आपण सत्तेचा प्रश्न म्हणून. त्याला शेवटी आपलं मन स्वच्छ झाल्याचं समाधान हवं असतं. 'फँड्री'तल्या जब्याने ते समाधान नाकारलं. शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र आणि समोरून डुक्कर वाहून नेणारी पोरं, एवढ्या एका दृश्यात देशाचा हिशोब मांडला. आणि शेवटी जब्याचा दगड थेट प्रेक्षकावर आला. त्याने कोणाला वाचवून दाखवलं नाही, कोणासाठी प्राण दिले नाहीत. म्हणूनच तो आपला वाटला.

तेव्हा जातीवरचा पुढचा सिनेमा बघाल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. परीक्षा कोणाची घेतली जातेय? बदल कोण घडवतोय, सोसणारा की उपकार करणारा? आणि बाहेर चालू असलेली चळवळ पडद्यावर आहे की गायब?

त्या मुलीला मी त्या दिवशी एवढंच म्हणालो, "रक्त जुळलं नसतं, तरी ती तितकीच माणूस होती. सिनेमाला हे म्हणता आलं नाही, तुला येतंय." पुढच्या रविवारी आम्ही 'जातिनिर्मूलन' वाचायला घेतलं. पहिलं पान तिनेच वाचलं.

जयभीम! नमो बुद्धाय!