धोटा, माग आणि माणूस

व्यवस्थापनशास्त्राच्या परिभाषेतला 'लीन' हा शब्द मराठी माणसाच्या कार्यालयांत आणि कारखान्यांत आता इतका रुळला आहे, की त्याला प्रतिशब्द शोधण्याची गरज कुणाला वाटत नाही. शब्दार्थ पाहिला तर 'लीन' म्हणजे चरबी नसलेले, सडसडीत. जॉन क्राफ्चिक यांनी १९८८ साली एका लेखात टोयोटा कंपनीच्या उत्पादनपद्धतीला हे विशेषण लावले आणि वोमॅक, जोन्स व रूस यांच्या 'द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड' या १९९० सालच्या ग्रंथाने ते जगभर नेले. उपमा शरीराची आहे. कारखाना हे शरीर मानले, की त्यातली चरबी कोणती आणि स्नायू कोणता हे ठरवायचे कुणी, हा प्रश्न उपमेच्या आतच विरघळून जातो. या प्रश्नाचा इतिहास मात्र मोटारीच्या कारखान्यात सुरू होत नाही. तो मागावर सुरू होतो आणि त्याचा एक धागा थेट मुंबईच्या गिरणगावात येतो. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालावे असे वाटते ते यासाठी, की या इतिहासाचे काही महत्त्वाचे पुरावे कादंबरीत, रोजनिशीत आणि कामगार स्त्रियांच्या गाण्यांत आहेत.

टोयोटाच्या कुळकथेचा आरंभ साकिची टोयोदा या सुताराच्या मुलापासून होतो. हातमागाच्या सुधारणेचे पहिले पेटंट त्यांनी १८९१ साली घेतले. पुढची तीन दशके ते एकाच ध्यासामागे होते : सूत तुटले तर मागाला ते कळावे आणि माग आपोआप थांबावा. सदोष कापड विणत राहणारे यंत्र त्यांच्या दृष्टीने आंधळे यंत्र होते. १९२४ साली सिद्ध झालेल्या त्यांच्या स्वयंचलित मागात या डोळसपणाला आणखी एक जोड मिळाली. धोट्यातले सूत संपत आले, की माग न थांबता, वेग न मंदावता धोटा बदलला जाऊ लागला. सूत तुटल्यावर थांबणारा आणि धोटा बदलताना न थांबणारा असा हा माग होता. त्यामुळे एका कामगाराकडे तीसच्या वर माग सोपवणे शक्य झाले. डिसेंबर १९२९ मध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने जपान, चीन व अमेरिका वगळता इतर देशांसाठी या मागाचे हक्क घेण्याचा एक लाख पौंडांचा करार केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईच्या गिरण्यांना यंत्रे पुरवणारी प्लॅट ती हीच. लँकेशायरने जपानकडून माग शिकावा, ही त्या काळातली मोठीच उलथापालथ होती.

पण हे माग ज्या कापडधंद्यासाठी घडले, त्या धंद्यात काम कोण करीत होते? जपानच्या सूतगिरण्यांत बहुसंख्य कामगार खेड्यांतून कराराने आणलेल्या तरुण मुली होत्या. गिरणीच्याच वसतिगृहांत त्या राहत आणि दोन पाळ्यांत काम करीत. त्यांची कहाणी होसोई वाकिझो यांनी 'जोको आइशी' (गिरणीतल्या मुलींचा दुःखद इतिहास) या ग्रंथात सांगितली. स्वतः गिरणीत राबलेल्या या लेखकाचे पुस्तक १९२५च्या जुलैत प्रसिद्ध झाले आणि महिनाभरात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते वारले. कामाचे तास, दंड, आजार यांच्या नोंदींबरोबर होसोईंनी त्या मुलींची गाणीही जमवली. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. स्वयंचलित माग आणि हा ग्रंथ यांच्यात जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे. एकाच धंद्याची ही दोन टिपणे आहेत. पहिल्याची गणना तंत्रज्ञानाच्या इतिहासात होते आणि दुसऱ्याची साहित्याच्या. दोन्ही एकत्र वाचण्याची सवय मात्र आपल्या विद्यापीठांनी लावलेली नाही.

याच वर्षांत मुंबईचा कापडधंदा मंदीत होता आणि जपानी कापडाच्या स्पर्धेची तक्रार गिरणीमालक सरकारदरबारी मांडत होते. १९२६ साली नेमलेल्या जकात मंडळाने पुढल्या वर्षीच्या अहवालात या तक्रारीची दखल घेतली. जपानमध्ये स्त्रियांना रात्रपाळीत राबवले जाते आणि त्यामुळे तिथल्या गिरण्यांना गैरवाजवी लाभ मिळतो, हेही त्यात नोंदले गेले. (जपानने स्त्रियांची रात्रपाळी बंद केली ती १९२९च्या जुलैत.) स्पर्धेला उत्तर म्हणून मुंबईत जे पुढे आले, त्याचे नाव 'कार्यक्षमता योजना'. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, कताईखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात, असा तिचा आशय होता. 'लीन' हा शब्द जन्मायला अजून साठ वर्षे होती. विचार मात्र गिरणीच्या दारात येऊन ठेपला होता.

या योजनेला आणि वेतनकपातीला झालेल्या विरोधातून १९२८चा सार्वत्रिक संप उभा राहिला. सुमारे दीड लाख कामगार एप्रिल ते ऑक्टोबर असे जवळजवळ सहा महिने बाहेर होते. त्यातूनच गिरणी कामगार युनियन उदयाला आली. संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि मार्च १९२९ मध्ये तिचा अहवाल आला. समितीने कार्यक्षमता योजना तत्त्वतः मान्य केली, मात्र ती कोणत्या परिस्थितीत राबवावी याविषयी काही अटी सुचवल्या. त्याच महिन्यात श्रीपाद अमृत डांगे यांच्यासह युनियनचे पुढारी मीरत खटल्यात पकडले गेले.

कामगारांच्या बाजूने तेव्हा जो युक्तिवाद झाला, तो आज पुन्हा वाचण्यासारखा आहे. कापूस हलका असेल तर सूत वारंवार तुटते. तुटलेले सूत जोडायला विणकरालाच धावावे लागते. अशा वेळी तिसरा माग म्हणजे तिसऱ्या मागाचे कापड नव्हे, तर तिप्पट धावाधाव. साकिची टोयोदांनी तीस वर्षे ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, नेमका तोच प्रश्न साळखात्यातला विणकर मांडत होता. फरक एवढाच, की नागोयाकडे यंत्राला थांबायला शिकवले गेले आणि मुंबईत, मुख्यतः जुन्याच मागांवर, माणसाला अधिक धावायला सांगितले गेले. मामा वरेरकरांनी गिरणी कामगारांच्या जीवनावरील आपल्या कादंबरीला 'धावता धोटा' हे नाव दिले. या पार्श्वभूमीवर ते नाव निव्वळ आलंकारिक राहत नाही. धोटा धावतो तेव्हा त्याच्याबरोबर कोण धावते, हा त्या दशकाचा अर्थशास्त्रीय प्रश्नही होता.

येथे जपानचे गुणगान करण्याचा मोह टाळला पाहिजे. ताइची ओनो हे १९३२ साली टोयोदांच्या सूतगिरणीत नोकरीला लागले आणि १९४३ साली मोटारनिर्मितीकडे आले. कापडधंद्यात एक मुलगी अनेक यंत्रे सांभाळते, मग यंत्रशाळेत एका कारागिराने एकच यंत्र का धरून बसावे, हा त्यांचा प्रश्न गिरणीतून आलेला होता. १९४७ पासून त्यांनी एका माणसाकडे दोन, पुढे तीन-चार यंत्रे दिली. जुन्या कारागिरांनी त्याला विरोध केला, तो मुंबईच्या विणकरांपेक्षा फारसा वेगळा नव्हता. १९५० साली कंपनी डबघाईला आली, मोठी कपात झाली, संप झाला आणि साकिचींचे पुत्र किइचिरो यांना अध्यक्षपद सोडावे लागले. त्यानंतर कायम कामगारांना नोकरीची हमी मिळाली, पण मागणीच्या चढउताराचा भार हंगामी कामगारांवर गेला.

ओनोंच्या पद्धतीतला एक शब्द भाषेच्या अभ्यासकाला विशेष रोचक वाटेल. 'जिदोका' म्हणजे स्वयंचलन. तो लिहिताना टोयोटात नेहमीच्या 'हालचाल' या चिन्हाला 'माणूस' हे चिन्ह जोडतात. त्यामुळे 'आपोआप हलणे' याऐवजी 'आपोआप काम करणे' असा अर्थ होतो. स्वयंचलनाच्या शब्दात माणूस लिहिला गेला, ही गोष्ट छोटी नाही. पण लिहिलेला माणूस आणि राबणारा माणूस एकच आहेत का, हे तपासायला शब्दाबाहेर जावे लागते. कामाता सातोशी हे पत्रकार १९७२च्या सप्टेंबरात टोयोटाच्या कारखान्यात सहा महिन्यांसाठी हंगामी कामगार म्हणून लागले आणि त्यांनी रोजनिशी लिहिली. १९७३ साली ती 'मोटारींचा हताशेचा कारखाना' अशा अर्थाच्या नावाने ग्रंथरूपात आली. तीत सिद्धान्त थोडा आहे. बधिर झालेले हात आहेत, वसतिगृहातली झोप आहे आणि मध्येच काम सोडून जाणारे सोबती आहेत. रोजनिशीचा हा घाट योग्यच होता, कारण पट्ट्यावरच्या कामाला कथानक नसते. तिथे फक्त आजचा दिवस आणि उद्याचा तसाच दिवस असतो.

ओनोंनी अपव्ययाचे सात प्रकार सांगितले. त्यांत 'वाट पाहणे' हा एक. आता मुंबईच्या बदली कामगाराकडे पाहावे. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कुणी गैरहजर असेल तर आत जायचे, नसेल तर घरी परतायचे. हीसुद्धा प्रतीक्षाच. पण ती दाराबाहेर घडत असल्यामुळे गिरणीच्या हिशेबात अपव्यय म्हणून कधी येत नाही. जपानचा हंगामी कामगार आणि गिरणगावचा बदली हे एकाच हिशेबाचे दोन हातचे आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपात बदली कामगारांना कायम करा ही एक मागणी होती, हे इथे आठवावे. त्या संपाने उद्ध्वस्त झालेल्या घराचे चित्र जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये आहे. त्या घरातही सगळे वाट पाहत असतात आणि त्या वाट पाहण्याची नोंद कुठल्याच खतावणीत नसते.

हिशेबाच्या कडा कशा सरकतात याचे आणखी एक उदाहरण न्यायालयाने नोंदवले आहे. २००२ साली टोयोटाचा तीस वर्षांचा एक कामगार रात्रपाळीत कोसळून वारला. 'गुणवत्ता मंडळा'चे काम स्वेच्छेचे, म्हणून त्याचे तास कामात धरलेले नव्हते. ३० नोव्हेंबर २००७ रोजी नागोयाच्या जिल्हा न्यायालयाने ते तास कामाचेच ठरवले आणि मृत्यू अतिश्रमाचा मानला. 'कार्यसंस्कृती' हा शब्द आपण मोठ्या कौतुकाने वापरतो. संस्कृती म्हटली की तिचे तास कुणी मोजत नाही, ही त्या शब्दाची सोयही असते.

तरीही ही सारी पद्धत म्हणजे केवळ पिळवणूक, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटचा कारखाना १९८२ साली बंद केला. टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तो १९८४ साली पुन्हा सुरू झाला तेव्हा कामावर बहुतांश तेच जुने, 'बेशिस्त' म्हणून बदनाम झालेले कामगार होते. दोष दिसताच दोरी ओढून काम थांबवण्याचा अधिकार त्यांना मिळाला आणि त्याच माणसांच्या हातून उत्तम मोटारी बाहेर पडू लागल्या. २०१० साली त्या कारखान्यातले भागीदारीतले उत्पादन थांबले. 'लीन' हे विशेषण देणारे क्राफ्चिक याच कारखान्यात अभियंता होते. म्हणजे शब्द जिथून निघाला, तिथे त्याचा गाभा सडपातळपणा नव्हता. थांबवण्याचा अधिकार हा तो गाभा होता. मुंबईच्या विणकरालाही थांबायचे होते. त्याला ते संप करूनच साधता आले.

फॉसेट समितीचा अहवाल आणि 'धावता धोटा' ही दोन्ही ग्रंथालयांत आहेत, वेगवेगळ्या विभागांत. एका विणकराने किती माग चालवावेत, हा प्रश्न अहवालाने विचारला. तो माग कुणी आणि केव्हा थांबवावा, हे विचारायचे काम समितीवर सोपवलेलेच नव्हते. ते विचारण्यासाठी दोन्ही पुस्तके एकाच टेबलावर आणावी लागतील.